उतारापासून बाजारापर्यंत : इंदूरभोवतालची भूमी कशी वाचावी

इंदुरात सकाळी नळाला येणारे पाणी बव्हंशी नर्मदेचे असते. तेच पाणी वापरून मोरीतून बाहेर पडले की कान्ह नदीवाटे क्षिप्रेत, क्षिप्रेतून चंबळेत आणि चंबळेतून यमुनेत जाते. अरबी समुद्राकडे निघालेले पाणी आपण वाटेत उचलतो, डोंगर चढवून घरी आणतो आणि काम झाल्यावर बंगालच्या उपसागराच्या वाटेला लावतो. असा उफराटा प्रकार का करावा लागतो, हे ज्याला नकाशावर बोट ठेवून सांगता येईल त्याला या प्रदेशाचा निम्मा भूगोल आला, असे खुशाल समजावे. उरलेला निम्मा कसा मिळवावा, याची मला उपयोगी पडलेली रीत पुढे दिली आहे.

इंदुरातील जुन्या मराठी घरांत होळकरशाहीचा इतिहास तोंडपाठ असतो आणि राजवाड्याला सात मजले आहेत हे लहान मूलही सांगते. पण तो वाडा ज्या जमिनीवर उभा आहे तिच्याविषयी विचारले, तर उत्तर ‘काळी माती’ या दोन शब्दांवर संपते. शाळा-महाविद्यालयांतील प्रकल्पांचीही तीच तऱ्हा आहे. जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ३,९०० चौरस किलोमीटर, २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ३२ लाखांहून अधिक, मुख्य पिके सोयाबीन आणि गहू, एवढे उतरवून घेतले की पान भरते. हे आकडे चुकीचे नसतात, परंतु एकाचा दुसऱ्याशी काय संबंध आहे ते त्यांतून कळत नाही. म्हणून आकडे शेवटी घ्यावेत आणि सुरुवात उतारापासून करावी, असा माझा आग्रह आहे. पाणी कोणीकडे वाहते हे कळले की माती कोठे साचली ते कळते, माती कळली की पीक कळते, आणि पीक कळल्याशिवाय या शहरातील गिरण्या, मंड्या आणि रेल्वे यांचा उलगडा होत नाही.

घरी बसून करायची तयारी

बाहेर पडण्यापूर्वी भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणावरील नकाशे मिळवावेत. जुन्या क्रमांकाप्रमाणे इंदूर आणि महू यांचा मोठा भाग ४६ एन/१४ या पत्रकात येतो. त्याच्या उत्तरेचे पत्रक ४६ एन/१३ आहे, आणि विंध्याचा कडा ओलांडून नर्मदेपर्यंत जायचे असेल तर ४६ एन/११ व ४६ एन/१२ ही पत्रकेही लागतात. विभागाच्या संकेतस्थळावर खुल्या मालिकेचे नकाशे उपलब्ध आहेत. त्या मालिकेचे क्रमांक निराळे असल्यामुळे नाव पाहून नव्हे, तर अक्षांश-रेखांश पाहून पत्रक निवडावे. इंदूरसाठी साधारण २२ अंश ४३ मिनिटे उत्तर आणि ७५ अंश ५० मिनिटे पूर्व हा बिंदू धरला तरी पुरेल.

नकाशा छापून घ्यावा आणि निळ्या पेन्सिलीने ओढे-नाले रंगवावेत. येथे एक काळजी घ्यावी लागते: रंगवताना मुखाकडून उगमाकडे जावे, म्हणजे नदीपासून नाल्याकडे आणि नाल्यापासून त्याच्या शेवटच्या बारीक फाट्यापर्यंत. उलट दिशेने गेल्यास कोणता नाला कोणत्या नदीचा हे मध्येच हरवते. अर्ध्या तासात असे दिसू लागते की, कान्ह, गंभीर, क्षिप्रा आणि चंबळ यांची सारी शाखा-उपशाखांची जाळी उत्तरेकडे तोंड करून आहे, आणि महूच्या दक्षिणेला थोड्याच अंतरावर दुसरे, आखूड आणि तीव्र उताराचे जाळे सुरू होते, ज्याचे पाणी चोरळ व इतर नद्यांवाटे नर्मदेला जाते. या दोन जाळ्यांची टोके जेथे एकमेकांच्या जवळ येतात तेथून लाल रेघ ओढावी. हीच जलविभाजक रेषा. तिच्या उत्तरेला समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, ऐसपैस अंतर ठेवून पसरलेल्या असतात; दक्षिणेला त्या इतक्या दाट होतात की छापील कागदावर तपकिरी डागच दिसावा.

या एका लाल रेघेने बरेच काही सांगून टाकले आहे. माळव्याचे पठार म्हणजे दक्षिणेची कड उंच ठेवून उत्तरेकडे हलकेच कललेला बसायचा पाट आहे, आणि इंदूर त्याच्या उंच कडेजवळ, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरांवर वसलेले आहे. उंच कडेजवळच्या गावाला मोठी नदी मिळत नाही, कारण तेथे नद्या नुकत्याच जन्मलेल्या असतात. शहराच्या मधून वाहणाऱ्या कान्ह आणि सरस्वती या दोन्ही प्रवाहांचे उगम शहरापासून फार दूर नाहीत. कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ त्यांचा संगम होतो तो पावसाळा सोडला तर नाल्यांचाच वाटावा. लाखो लोकांचे शहर अशा जागी वाढले, तर त्याला पाण्यासाठी रेघेच्या पलीकडे हात पसरावे लागणार, हे नकाशाच सांगतो.

नकाशासोबत उपग्रहचित्रेही पाहावीत. इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावर भूवापराचे नकाशे आहेत, परंतु त्यांतील रंगांवर विसंबण्यापूर्वी एकाच शिवाराची ऑक्टोबर, फेब्रुवारी आणि मे या तीन महिन्यांतील चित्रे शेजारी ठेवून बघावीत. फेब्रुवारीत गव्हाने हिरवेगार दिसणारे शेत मे महिन्यात उघडे आणि भेगाळलेले असते. जे तिन्ही चित्रांत हिरवे राहते ते बाग, जंगल किंवा बारमाही ओलिताखालचे असते. आणि तिन्ही चित्रांत करडे राहते ती बहुधा नवी वसाहत असते.

एक दिवसाची वाट

गणपती आटोपल्यानंतर, सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काळ या फेरीला सर्वांत चांगला. ओढे वाहते असतात, सोयाबीन पिवळे पडू लागलेले असते आणि हवा धुतल्यासारखी स्वच्छ असल्यामुळे लांबचे दिसते. वाट अशी ठेवावी: इंदूर, रालामंडल, महू, पाताळपाणी, जाम दरवाजा, मंडलेश्वर आणि जमल्यास महेश्वर. सर्व मिळून अंतर फार नाही, महेश्वर इंदुरापासून सुमारे ९० किलोमीटर आहे. पण थांबत थांबत जायचे असल्यामुळे सकाळी सातच्या आत निघावे.

रालामंडलची टेकडी शहराच्या आग्नेयेस आहे आणि तिच्या माथ्यावर होळकरांची शिकारीची कोठी आहे. वर पोचल्यावर शहराकडे पाहण्याचा मोह होतोच, तो आधी पुरवून घ्यावा. मग पाठ फिरवून इतर टेकड्यांचे माथे न्याहाळावेत. त्या टोकदार नाहीत. पुष्कळशा माथ्यांची पातळी जवळपास सारखी आहे आणि उतार पायऱ्यापायऱ्यांनी खाली आलेला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर येऊन थरांवर थर साचले, त्या दख्खनच्या बेसाल्टाचा हा उत्तरेकडील भाग आहे. प्रत्येक पायरी म्हणजे एकेक थर. ज्यांचे आजोळ पुणे-साताऱ्याकडे आहे त्यांना ही पायऱ्यांची डोंगररचना अनोळखी वाटू नये, कारण खडक तोच आहे. फरक पावसाचा आणि उताराचा आहे.

महूपासून पाताळपाणी जवळच आहे. तेथे चोरळ नदी पठाराच्या कडेवरून खाली उडी घेते, आणि आपण पेन्सिलीने ओढलेली लाल रेघ नुकतीच ओलांडली याचा तो पुरावा असतो. धबधबा पाहताना खडकाचे थर मोजण्याचा प्रयत्न करावा. दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे विटकरी रंगाचा पट्टा आढळतो: एक थर थंड होऊन त्यावर माती तयार होण्याइतका अवधी गेला आणि मग दुसरा लाव्हा येऊन ती माती भाजून निघाली, असा त्याचा अर्थ. येथे मात्र पाण्याच्या जवळ जाऊ नये. २०११ च्या पावसाळ्यात वरच्या बाजूला पडलेल्या पावसाचा लोंढा अचानक येऊन सहलीला आलेली माणसे वाहून गेली होती. आखूड आणि तीव्र उताराच्या नदीत पाणी किती झटपट चढते, हे नकाशावर कळले असेल तर प्रत्यक्ष पारखून पाहण्याची गरज नाही.

पाताळपाणी ते कालाकुंड हा मीटरगेज रेल्वेचा घाट डिसेंबर २०१८ पासून वारसा-गाडी म्हणून चालवण्यात आला. गाडी मिळाली तर जरूर जावे. या मार्गाच्या मुळाशी अर्थकारण आहे: १८७० च्या दशकात खांडव्याहून इंदुरापर्यंत रेल्वे आणण्यासाठी इंदूरचे राजे दुसरे तुकोजीराव होळकर यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. पठारावरचा माल मुंबईच्या बंदरात उतरवायचा तर विंध्याचा कडा उतरणे भाग होते, आणि तो बैलगाडीने उतरण्यात जाणारा वेळ व पैसा तुकोजीरावांना चांगला ठाऊक असणार. कालाकुंडच्या स्थानकावर पळसाच्या पानात मिळणारा कलाकंद हा भूगोलाचा विषय नाही असे कोणी म्हणेल. जंगलाच्या कडेला गवत, गवतावर गुरे आणि रेल्वेमुळे गिऱ्हाईक, अशी त्याची साखळी लावली की तोही विषयात बसतो.

जाम दरवाजा ही या फेरीतली मुख्य जागा. महूहून मंडलेश्वराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, अगदी कड्याच्या ओठावर, अहिल्याबाईंच्या काळातील ही दगडी वेस उभी आहे. राजधानी महेश्वरी, खाली नर्मदाकाठी, आणि मुलूख वर माळव्यात, तेव्हा दोहोंमधील वाट जेथे अरुंद होते तेथे दरवाजा हवाच होता. वेशीत उभे राहून दोन्ही बाजूंची दोन टिपणे करावीत. मागे पठाराकडे जमीन मोकळी, शेते मोठी, झाडे विरळ. समोर उतारावर साग, पळस, सालई यांचे पानझडी जंगल आणि त्याच्या पलीकडे धूसर निमाड, म्हणजे नर्मदाकाठचा सखल मुलूख. महू आणि मंडलेश्वर यांच्या उंचीत चारशे मीटरांच्या आसपास फरक आहे. हवा साधारण दर हजार मीटरांना साडेसहा अंशांनी थंड होते, तेव्हा हिशेबाने अडीच अंशांचा फरक यायला हवा. गाडीतील तापमापकावर दोन्ही ठिकाणचे आकडे टिपून पाहावेत. लखनौची संध्याकाळ, काशीची पहाट आणि माळव्याची रात्र असे तिघींचे जे कौतुक उर्दू वाक्प्रचारात केलेले आहे, त्यातील ‘शब-ए-मालवा’ बरीचशी या उंचीची देणगी आहे.

घाट उतरला की पंधरा-वीस मिनिटांत शिवार बदलते. सोयाबीनच्या जागी कापूस दिसू लागतो, खरगोनच्या बाजूला मिरची येते आणि नर्मदेच्या पाण्यावरचे ओलित वाढते. एकाच तालुक्याच्या पुस्तकी वर्णनात ‘माळवा व निमाड’ असा जोडशब्द आला की तो येथे तोडून लिहावा. दोन्हीकडे काळी माती असली, तरी उंची, ऊन आणि पाणी वेगळे आहे, आणि त्यामुळे पीकही वेगळे आहे.

माती हातात घेऊन

मातीची पाहणी करण्यासाठी शेतकऱ्याच्या शेतात खड्डा खणण्याची आवश्यकता नाही. शहराच्या बाहेरच्या अंगाला नव्या घरांच्या पायासाठी खोदलेले खड्डे आणि रस्त्यासाठी कापलेल्या दरडी पुष्कळ सापडतात. मालकाची परवानगी घेऊन काठाजवळून पाहिले तर वर काळी माती, तिच्याखाली पिवळसर मुरूम, त्याखाली कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत चाललेला गोल गोल खडक आणि तळाशी अखंड काळा पाषाण असा क्रम दिसतो. खडकातील पोकळ्यांमध्ये पांढरे स्फटिक चमकत असतात. खोलगट जागी मातीचा थर कमरेइतका किंवा त्याहून खोल भरतो. टेकडीच्या पायथ्याशी तो वितीवर येतो आणि मुरूम उघडा पडतो. मातीची खोली उतारावर कशी बदलते, एवढे एकच निरीक्षण नीट नोंदवले तरी प्रकल्प चांगला होईल.

मग मूठभर माती घेऊन पाण्याने भिजवावी आणि तळहातांमध्ये वळवून पाहावी. भाकरीच्या पिठाप्रमाणे ती चिकट होते आणि तिची बारीक, न तुटणारी वळी होते. मुरमाड मातीची वळी लगेच मोडते. वाळलेल्या मातीतील पांढऱ्या खड्यांवर लिंबाचा रस पिळला असता बारीक फेस आला, तर ते चुन्याचे कंकर आहेत. या मातीतील चिकणकण पाणी पिऊन फुगतात आणि वाळल्यावर आकसतात. उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याचमुळे, आणि पाया पुरेसा खोल न घेतलेल्या घरांच्या भिंतींना तिरक्या चिरा जातात त्याही याचमुळे. आमच्या घराची मागील भिंत गेली कित्येक वर्षे पावसाळ्यात मिटते आणि मे महिन्यात उघडते. गवंडी तीन बदलले, माती काही बदलली नाही.

मातीचा विषय निघाला की इंदूरकराने एक गोष्ट ठाऊक असू द्यावी. १९२४ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड या कृषिशास्त्रज्ञाने येथे वनस्पती उद्योग संस्था उभी केली. जमीन होळकर दरबाराने दिली होती आणि पैशाचा मोठा भाग कापूस समितीकडून आला होता. कापसाची पळाटी, तण, पाचोळा असा काडीकचरा तीन भाग आणि शेण एक भाग या अंदाजाने, मधून मधून माती व राख मिसळून ढीग रचायचा, तो ठरावीक दिवसांनी उलथायचा आणि सुमारे तीन महिन्यांत खत तयार करायचे, ही त्यांनी बसवलेली रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ या नावाने ओळखली जाते. तिच्या मुळाशी येथल्याच शेतकऱ्याची अडचण होती: शेणाच्या गोवऱ्या चुलीत जात आणि काळी जमीन कसदार असूनही तिला सेंद्रिय खत पुरत नसे. २०२२ मध्ये देवगुराडियाजवळ दिवसाला ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायू करण्याचा प्रकल्प सुरू झाला, त्या वेळी शहरात हॉवर्डची आठवण फारशी कोणाला झाली नाही, याची खंत वाटते.

पीक आज कोणते, आणि त्यापूर्वी कोणते

शेतात कोणते पीक आहे हे कोणीही लिहून घेईल. खरा प्रश्न असा विचारावा की, याच शेतात पन्नास वर्षांपूर्वी पावसाळ्यात काय असे. वयस्क शेतकऱ्याला ‘बा साब’ म्हणून हाक मारली आणि बसायला दोन मिनिटे दिली, तर उत्तर बहुधा मिळते: ज्वारी, मका, तूर, कापूस; आणि खोल काळ्या जमिनीत पुष्कळदा काहीच नाही. हे ‘काहीच नाही’ महत्त्वाचे आहे. सरासरी नऊशे ते हजार मिलिमीटर पाऊस चार महिन्यांत पडतो, चिकण माती पाण्याने तुडुंब होते आणि तिच्यात औत घालता येत नाही. म्हणून पावसाळाभर जमीन पड ठेवायची, मातीने साठवलेल्या ओलीवर दसऱ्यानंतर गहू व हरभरा पेरायचा, असा जुना शहाणपणाचा क्रम होता. काठिया जातीचा, कडक दाण्याचा माळवी गहू त्या साठलेल्या ओलीवर येई, आणि माळव्याच्या बाफल्यांना (उकडून भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांना) लागणारा रवाळपणा त्याच गव्हाचा.

सोयाबीनने हा क्रम मोडला. १९७० नंतर ते माळव्यात झपाट्याने पसरले, कारण ते नव्वद ते शंभर दिवसांत निघते, मुळांवरील गाठींमुळे नत्राची गरज काही अंशी स्वतः भागवते आणि मुख्य म्हणजे रिकाम्या राहणाऱ्या हंगामात बसते. म्हणजे त्याने बहुतेक ठिकाणी दुसऱ्या पिकाला हुसकावले नाही, पडीक काळ व्यापला. ज्वारी मात्र मागे पडली आणि तिच्याबरोबर गुरांचा कडबाही. १९८७ मध्ये सोयाबीनचे राष्ट्रीय संशोधन केंद्र इंदुरात आले ते याच विस्तारामुळे. पण जमिनीने पावसाळ्यात साठवायची ओल आता सोयाबीन पिऊन घेते, तेव्हा पुढच्या गव्हाला विहिरीचे किंवा नलिकाकूपाचे पाणी द्यावे लागते. माळव्यातील भूजल खोल गेल्याचा दोष नुसता पावसावर टाकणाऱ्यांनी ही बाब लक्षात घ्यावी.

याच्याही मागे जायचे असेल तर अफूकडे यावे लागते. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबईमार्गे चीनला जात असे आणि इंदूरच्या सावकारीत तो पैसा खेळत असे. पुढे अफूचा व्यापार आटला, त्याच्याशी जोडलेले भांडवल विसाव्या शतकाच्या आरंभी कापसाच्या गिरण्यांकडे वळले आणि हुकुमचंद, माळवा, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी या गिरण्यांनी शहराचा पूर्व-उत्तर भाग घडवला. त्या एकामागून एक बंद पडल्या. हुकुमचंद गिरणी १९९१ मध्ये बंद झाली आणि तिच्या कामगारांची थकीत देणी २०२३ च्या डिसेंबरात सुटली. परवान्याखालची अफूची शेती आज मंदसौर-नीमच भागात पाहायला मिळते. शहरातल्या गिरणगावात चालत फिरून चिमण्यांचे, चाळींचे आणि नव्या इमारतींचे ठिकाण नकाशावर टिपणे हाही भूवापराचाच अभ्यास आहे. उद्योग आता पीथमपुराकडे सरकले आहेत, जे धार जिल्ह्यात आहे. सपाट पठारावर लांबरुंद जागा मिळाली म्हणूनच तेथे ११.३ किलोमीटरचा वाहनचाचणीचा वेगवान मार्ग २०२१ मध्ये खुला होऊ शकला.

पाण्याचा ताळेबंद

‘डग डग रोटी, पग पग नीर’ ही माळव्याची जुनी ओळख. पावलोपावली पाणी म्हणजे नद्या नव्हेत. बेसाल्टाच्या वरच्या सडलेल्या थरात, मुरमात आणि भेगांमध्ये मुरलेले, तीस-चाळीस हातांच्या विहिरीला लागणारे पाणी. हा साठा उथळ आहे. तो दर पावसाळ्यात भरतो आणि उपसला की संपतो; खालच्या अखंड खडकात बोअर कितीही खोल नेला तरी भेग लागेल तेवढेच पाणी. देवास शहराला १९९० च्या सुमारास रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि त्याच जिल्ह्यात २००६ पासून शेतकऱ्यांनी स्वतःच्या शेतात ‘रेवासागर’ नावाने तळी खोदून तो साठा पुन्हा वर आणण्याची खटपट केली, ही दोन्ही उदाहरणे एकाच खडकाची आहेत. शिवारातील तीन विहिरी निवडून दसरा, संक्रांत आणि अक्षय्यतृतीया या तीन दिवशी दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी मोजावी. दुसरे काही उपकरण लागत नाही.

शहराने प्रथम तलाव बांधून भागवले. सिरपूर, बिलावली, पिपल्यापाला हे त्यांतले, आणि गंभीर नदीवरील यशवंतसागर त्या मानाने मोठा. सिरपूर व यशवंतसागर यांना २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत स्थान मिळाले आणि २०२५ च्या जानेवारीत इंदुराला पाणथळ-शहराची आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. हिवाळ्यात पहाटे गेल्यास पाहुणे पक्षी दिसतात. परंतु तलावांच्या भरवशावर हे शहर वाढू शकत नव्हते. १९७० मध्ये नर्मदेच्या पाण्यासाठी आंदोलन झाले आणि १९७८ मध्ये मंडलेश्वराजवळच्या जलूद येथून पहिल्या टप्प्याचे पाणी आले. सुमारे ७० किलोमीटरची वाहिनी, आणि मधे विंध्याचा कडा. कड्यावरच्या वांचू पॉइंटपर्यंत पाणी पंपांनी चढवायचे. तेथून पुढे ते पठाराच्या उताराने आपल्या अंगाने शहराकडे येते. आपण ओढलेली लाल रेघ हीच आहे. तिच्या अलीकडचा प्रवास फुकट, पलीकडचा विजेच्या बिलावर. महापालिकेने २०२३ मध्ये २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे काढले आणि त्यातून जलूद येथे ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प हाती घेतला, तो या बिलापायीच. फेरीत मंडलेश्वर असेल तर जलूदचे आवार रस्त्यावरून तरी पाहून यावे.

मंडी आणि पटवारी

बाजाराची पाहणी दोन सकाळींत होते. सोयाबीन, गहू, हरभऱ्यासाठी लक्ष्मीबाई नगर आणि छावणी येथील धान्य मंड्या, आणि बटाटा, कांदा, लसणासाठी चोइथराम मंडी. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची आवक शिगेला असते, होळीनंतर गहू आणि हरभरा. ट्रॉली कोणत्या तहसिलीतून आली, दाण्यात ओलावा किती भरला आणि लिलावात भाव किती ठरला, एवढे वीस शेतकऱ्यांना विचारून मांडले, तर शहर आपले धान्य किती दुरून खेचते ते नकाशावर दाखवता येते. मोठ्या काबुली चण्याला येथे ‘डॉलर चणा’ म्हणतात. परदेशी पैसा आणणारे पीक असा त्यात भाव आहे. सराफा बाजारात रात्री भुट्ट्याचा कीस आणि हिवाळ्यात गराडू हा कंद खाणाऱ्यांनी त्यांचे हंगामही नोंदवहीत घालावेत, चव घेऊन झाल्यावर.

जमिनीचे दप्तर मात्र चिकाटीने पाहावे लागते. मध्य प्रदेशाच्या भूलेख संकेतस्थळावर गावाचे नाव आणि खसरा (भूमापन) क्रमांक दिल्यास क्षेत्र, सिंचनाचे साधन आणि गिरदावरीत (पीकपाहणीत) नोंदलेले पीक दिसते. महाराष्ट्रातून आलेल्यांनी सातबारा शोधू नये. येथे खसरा आणि बी-१ (खातेदाराचा उतारा) हे शब्द चालतात, आणि बोलताना शेतकरी हेक्टरऐवजी बिघे सांगतो. पटवाऱ्याकडे (तलाठ्याकडे) निस्तार पत्रक पाहायला मिळाले तर उत्तम: चरनोई (गुरचरण), गावाची वाट, पाणवठा, स्मशान, मुरमाची खाण या सामाईक जागा त्यात नोंदलेल्या असतात. ‘चरनोई’ म्हणून नोंद असलेला तुकडा प्रत्यक्ष जाऊन पाहावा. तेथे गवत आहे, पीक आहे की पत्र्याची शेड, हे डोळ्यांनी पाहिल्याखेरीज लिहू नये. शहराच्या कडेला ज्या जमिनींचे अकृषिक परिवर्तन होते, ज्याला येथे ‘डायव्हर्शन’ म्हणतात, त्या पुष्कळदा सखल, खोल मातीच्या आणि म्हणून शेतीला सर्वांत चांगल्या असतात, कारण सपाट जागी प्लॉट पाडणे सोपे जाते. मुरमाड टेकडी, जेथे घराचा पाया पक्का बसला असता, ती मागाहून वापरली जाते. हा व्यवहार मला नेहमी उलटा वाटत आला आहे.

मांडणी

सर्व टिपणे जमली की निबंध लिहिण्याआधी एक छेद काढावा. सांवेरपासून इंदूर, महू आणि जाम यांवरून मंडलेश्वरापर्यंत सुमारे ९० किलोमीटरची सरळ रेघ धरावी. आडवे प्रमाण १ सेंटिमीटरला ५ किलोमीटर आणि उभे प्रमाण १ सेंटिमीटरला १०० मीटर ठेवले तर ती वहीच्या आडव्या पानावर मावते. समोच्च रेषांवरून उंच्या टिपून रेघ जोडावी आणि तिच्याखाली ओळीने खडक, मातीची खोली, पावसाळी पीक, हिवाळी पीक, पाण्याचे साधन आणि वस्ती हे त्या त्या जागेच्या सरळ खाली लिहीत जावे. निबंधात जे वाक्य या छेदावर कोठेच बसत नाही ते बहुधा पुस्तकातून उतरलेले असते. ते काढून टाकावे. या प्रमाणात उभी बाजू पन्नासपट ताणली जाते, ही नोंद आकृतीखाली अवश्य करावी, नाहीतर पाहणाऱ्याला विंध्य म्हणजे हिमालयच वाटेल.